मेंदूतली गाठ कोणत्या प्रकारची, हे स्कॅनवरून कसे ओळखतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेंदूच्या एमआरआयचा रिपोर्ट बहुतेक वेळा संध्याकाळी हातात पडतो आणि डॉक्टरांची भेट दुसऱ्या दिवशी असते. मधली रात्र फार वाईट जाते. मी रेडिओलॉजिस्ट आहे, असे रिपोर्ट लिहिणे हे माझे रोजचे काम. त्या रात्री लोक जे विचारतात ते मी जपून ठेवत गेले. त्यांतले पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. रिपोर्टची भाषा समजावी एवढाच यामागचा हेतू आहे. उपचारांचा निर्णय रुग्णाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

१. नुसता स्कॅन पाहून गाठीचा प्रकार नक्की सांगता येतो का?

काही गाठींचा जवळजवळ खात्रीने सांगता येतो. बऱ्याच गाठींबाबत दोन-तीन शक्यता क्रमाने मांडता येतात आणि थोड्या गाठी शेवटपर्यंत चकवतात. गाठीचे नाव चित्रावर लिहिलेले नसते, ते तर्काने काढावे लागते. आधी रुग्णाचे वय पाहतो. मग गाठ नेमकी कुठे आहे, एकच आहे की अनेक, आतून भरीव आहे की पाणीदार, तिच्यात रक्त किंवा कॅल्शियम साचले आहे का, हे पाहतो. साठीतल्या माणसाच्या मोठ्या मेंदूतली गाठ आणि सहा वर्षांच्या मुलाच्या लहान मेंदूतली गाठ चित्रात सारखी दिसली, तरी आमच्या मनातली यादी पूर्ण वेगळी असते.

म्हणून तपासणीच्या कागदावर ‘डोकेदुखी’ एवढाच शब्द असला की मला हळहळ वाटते. पूर्वी झालेला कॅन्सर, ताप, एचआयव्ही, आकडी, सुरू असलेली औषधे हे सगळे सांगा. या माहितीने यादीतला पहिला क्रमांक बदलू शकतो.

२. सीटी स्कॅनमध्ये गाठ दिसली आहे. मग पुन्हा एमआरआय कशाला?

सीटीची सुरुवातच मेंदूच्या गाठीपासून झाली. १९७१ मध्ये लंडनला गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर ज्या पहिल्या रुग्णाचा स्कॅन झाला, तिच्या मेंदूत गाठ असल्याचा संशय होता आणि ती चित्रात दिसलीही. आजही तातडीच्या वेळी सीटीच आधी होतो, कारण तो काही मिनिटांत उरकतो आणि ताजा रक्तस्राव, हाड व कॅल्शियम उत्तम दाखवतो. पण मऊ पेशीजालातले बारीक फरक त्यात पुसट दिसतात. कवटीच्या मागच्या तळाशी तर जाड हाडांमुळे चित्रावर पट्टे उमटतात आणि लहान गाठ त्यांत हरवते. गाठ आहे हे सीटी सांगतो. ती कोणती, याचा विचार एमआरआयशिवाय पुढे सरकत नाही.

उलटही घडते. एमआरआय झाल्यावर आम्ही कधी मुद्दाम सीटी मागतो. ऑलिगोडेंड्रोग्लिओमा आणि क्रॅनिओफॅरिंजिओमा या गाठींमध्ये कॅल्शियम हा मोठा धागा असतो आणि तो सीटीत चटकन सापडतो.

३. रिपोर्टमधले टी-१, टी-२, फ्लेअर, डिफ्यूजन, एसडब्ल्यूआय हे काय आहे?

एकाच मेंदूची ही वेगवेगळ्या पद्धतीने काढलेली चित्रे आहेत. टी-१ मध्ये पाणी काळे दिसते आणि रचना स्पष्ट कळते. टी-२ मध्ये पाणी पांढरे होते, त्यामुळे सूज आणि बहुतेक गाठी उठून दिसतात. फ्लेअर हे टी-२ सारखेच चित्र, फक्त मेंदूभोवतीच्या द्रवाचा पांढरेपणा त्यातून काढून टाकलेला असतो. साहजिकच कडेची सूज लपत नाही.

डिफ्यूजनमध्ये पाण्याच्या रेणूंना हलायला किती मोकळीक आहे ते कळते. पेशी दाटीवाटीने भरल्या असतील किंवा पू घट्ट असेल तर रेणू अडतात आणि तो भाग चकाकतो. ही चकाकी खरी की टी-२ ची नुसती झाक, हे ठरवायला शेजारी एडीसी नकाशा पाहावाच लागतो. अडथळा खरा असेल तर त्या नकाशात तो भाग काळा दिसतो. एसडब्ल्यूआय हे रक्ताचे आणि कॅल्शियमचे बारीक ठिपके शोधण्यासाठी असते.

टी-१ मध्ये मुळातच पांढऱ्या दिसणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत: काही दिवसांचे जुने रक्त, चरबी, दाट प्रथिने आणि मेलॅनिन. मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरची मेंदूत पसरलेली गाठ कधी कधी यावरूनच ओळखू येते.

४. कॉन्ट्रास्ट दिल्यावर गाठ ‘एनहान्स’ झाली असे लिहिले आहे. म्हणजे कॅन्सरच ना?

नाही. या एका शब्दाने जितकी माणसे घाबरतात तितकी दुसऱ्या कशानेच घाबरत नसतील.

एमआरआयचे कॉन्ट्रास्ट गॅडोलिनियमचे असते. मेंदूतल्या निरोगी रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट असतात की ते बाहेर झिरपत नाही. या घट्टपणाला ब्लड-ब्रेन बॅरियर म्हणतात. हा अडसर जिथे मोडला आहे, किंवा जिथे तो मुळातच नसतो, तिथे कॉन्ट्रास्ट साचते आणि तो भाग उजळतो. एनहान्समेंटचा अर्थ एवढाच.

मेनिंजिओमा बहुधा सौम्य असतो, पण तो मेंदूच्या आवरणातून वाढत असल्याने अडसराबाहेर असतो आणि दिव्यासारखा उजळतो. मुलांमधला पायलोसायटिक अॅस्ट्रोसायटोमा ग्रेड १ चा (ग्रेड म्हणजे आक्रमकतेची पायरी, १ सर्वांत सौम्य, ४ सर्वांत घातक) असूनही ठळक उजळतो. आणि काही घातक ग्लिओमा (मेंदूच्या आधारपेशींतून निघणाऱ्या गाठी) अजिबात उजळत नाहीत, त्यांच्याबद्दल प्रश्न १२ पाहा. गाठ उजळली का, यापेक्षा ती कशी उजळली हे महत्त्वाचे: सगळी एकसारखी, कडेने, ठिपक्याठिपक्यांनी की मुळीच नाही.

५. किडनी कमजोर असेल किंवा दिवस गेले असतील तर हे कॉन्ट्रास्ट चालते का?

किडनीची गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, ३० च्या खाली असेल तर विचार करूनच देतात. पूर्वीच्या काही प्रकारच्या गॅडोलिनियममुळे अशा रुग्णांमध्ये त्वचा व आतील अवयव कडक होण्याचा गंभीर आजार दिसला होता. आताच्या मॅक्रोसायक्लिक (गॅडोलिनियम घट्ट धरून ठेवणाऱ्या) प्रकारात हा धोका फारच कमी आहे. गरोदरपणात कॉन्ट्रास्टशिवायचा एमआरआय करता येतो, कॉन्ट्रास्ट मात्र अगदी नाइलाज असेल तरच. स्तनपान थांबवण्याची गरज नसते. सीटीचे आयोडीनचे कॉन्ट्रास्ट हे पूर्ण वेगळे औषध आहे. या दोन्हींपैकी कोणत्याही एकाची पूर्वी अॅलर्जी आली असेल तर दोन्ही वेळी सांगा.

६. ‘एक्स्ट्रा-अॅक्सिअल’ म्हणजे गाठ मेंदूच्या बाहेर? मग ती मेंदूची गाठ कशी?

कवटीच्या आत, पण मेंदूच्या पेशीजालाबाहेर, असा त्याचा अर्थ. आवरणातून, मज्जातंतूंच्या मुळांतून किंवा हाडातून निघालेली गाठ मेंदूला बाहेरून दाबते. मेंदूतून निघालेली, म्हणजे इंट्रा-अॅक्सिअल गाठ त्याला आतून फुगवते. हा फरक ठरला की अर्धी यादी गळून पडते, म्हणून कोणताही रेडिओलॉजिस्ट तो आधी पाहतो.

खुणा तीन. गाठ आणि मेंदू यांच्यामध्ये द्रवाची बारीक फट दिसते. मेंदूचा करडा थर गाठीच्या दाबाने आत वळलेला असतो. आणि गाठीचा पाया आवरणावर रुंद बसलेला असतो. गाठ फार मोठी झाली की फट बुजते आणि अनुभवी डोळाही फसू शकतो.

७. आईच्या रिपोर्टमध्ये ‘मेनिंजिओमा’ लिहिले आहे. बायोप्सी न करता एवढे ठाम कसे लिहिले?

कारण याचे रूप ठरलेले असते. प्रौढांमध्ये मेंदूत किंवा त्याच्या आवरणात सुरू होणाऱ्या गाठींमध्ये मेनिंजिओमाच सर्वांत जास्त आढळतो आणि तो स्त्रियांमध्ये अधिक दिसतो. रुंद पाया, एकसारखे ठळक उजळणे, कडेला आवरणावर लांबत जाणारी शेपटी, जवळचे हाड जाड होणे, कधी आत कॅल्शियम: एवढे जुळले की सहसा बायोप्सीची वाट पाहत नाहीत. गाठ लहान असेल, त्रास नसेल आणि ती दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या स्कॅनमध्ये सापडली असेल, तर बरेचदा ठरावीक अंतराने एमआरआय करून तिच्यावर नजर ठेवतात.

अपवाद मात्र माहीत हवेत. ती शेपटी फक्त मेनिंजिओमाची नाही. स्तनाचा किंवा प्रोस्टेटचा कॅन्सर आवरणावर पसरला, तिथे लिम्फोमा (लसीका पेशींचा कॅन्सर) झाला किंवा क्षयाने आवरण जाड झाले, तरी तशीच दिसते. सॉलिटरी फायब्रस ट्यूमर नावाची गाठ तर मेनिंजिओमाची हुबेहूब नक्कल करते, फक्त ती हाड जाड करण्याऐवजी खाते आणि तिच्यात कॅल्शियम सहसा नसते. आईला पूर्वी कॅन्सर झाला असेल किंवा गाठ काही महिन्यांतच झपाट्याने वाढली असेल, तर हे आवर्जून सांगा. शिवाय मेनिंजिओमाचा ग्रेड स्कॅनवर खात्रीने कळत नाही.

८. ‘रिंग एनहान्सिंग लीजन’ असे लिहून खाली पाच-सहा आजारांची नावे दिली आहेत. नेमके काय समजायचे?

सर्वाधिक येणारा प्रश्न हाच, म्हणून इथे थोडी थांबते.

रिंग म्हणजे कडेने उजळलेले आणि मधे न उजळलेले वर्तुळ. मधला भाग मेलेला, पुवाचा किंवा द्रवाचा असतो. असे वर्तुळ ग्लिओब्लास्टोमा (सर्वांत आक्रमक ग्लिओमा), पसरलेला कॅन्सर, पुवाची गाठ, क्षयाची गाठ, सिस्टिसर्कस कृमीची गाठ, मायलिन (चेतातंतूंवरचे वेष्टन) झडण्याचा आजार आणि जुन्या रेडिएशनची जखम यांपैकी कशातही बनू शकते. यातल्या कितीतरी गोष्टी कॅन्सर नाहीत आणि काही औषधांनी पूर्ण बऱ्या होतात. रेडिओलॉजिस्टने यादी दिली म्हणजे त्याला काही कळले नाही, असे समजू नका. उगाच एकच नाव लिहिण्यापेक्षा ती यादी प्रामाणिक असते.

पुढची चाळणी अशी लागते. वर्तुळाची भिंत जाड, ओबडधोबड, आतून दातेरी असेल तर ग्लिओब्लास्टोमाकडे झुकाव. भिंत पातळ, गुळगुळीत असेल आणि डिफ्यूजनमध्ये मधला भाग लखलखत असेल तर पू, कारण घट्ट पुवात पाणी अडते. कॅन्सरच्या गाठीतला मेलेला भाग पातळ असतो, तिथे ते अडत नाही. एसडब्ल्यूआयमध्ये पुवाच्या गाठीला कधी दुहेरी कडा दिसते, बाहेर काळी आणि आत पांढरी. रुग्णाला ताप नाही म्हणून पुवाची शक्यता सोडून देणे ही नेहमी होणारी चूक आहे. मेंदूत पू असूनही ताप नसतो, हे बरेचदा घडते.

क्षयाची गाठ टी-२ मध्ये मधोमध काळसर दिसू शकते, तिची वर्तुळे एकमेकांना चिकटलेली असतात आणि स्पेक्ट्रोस्कोपीत (गाठीतल्या रसायनांची मोजणी, प्रश्न ११ पाहा) चरबीचे ठळक शिखर येते. सिस्टिसर्कसच्या लहान पाणीदार फोडात कृमीच्या डोक्याचा ठिपका सापडला की शंका फारशी उरत नाही. वर्तुळ पूर्ण न होता करड्या थराच्या बाजूला उघडे राहिले असेल तर मायलिन झडण्याचा आजार आठवावा. या शेवटच्या प्रकारात घाईने ऑपरेशन झाले तर रुग्णाचे विनाकारण नुकसान होते.

आणि या चाळणीतूनही सुटणारे आहेतच. टोक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या गाठीत मधला भाग सहसा लखलखत नाही. उलट, रक्त साचलेला पसरलेला कॅन्सर पुवासारखा चमकू शकतो.

९. एकच गाठ आहे आणि शरीरात दुसरीकडे कॅन्सर माहीत नाही. तरी ‘मेटास्टॅसिस’ का लिहितात?

कारण मेटास्टॅसिस, म्हणजे दुसरीकडून पसरलेला कॅन्सर, कधी कधी मेंदूतच आधी दिसतो आणि मूळ जागा नंतर सापडते. फुप्फुस, स्तन, त्वचेचा मेलॅनोमा आणि मूत्रपिंड ही नेहमीची उगमस्थाने. रक्तातून आलेल्या पेशी करड्या आणि पांढऱ्या भागांच्या सीमेवर, जिथे रक्तवाहिन्या एकदम बारीक होतात, तिथे अडकतात. त्यामुळे गाठ तिथे असते, गोलसर असते आणि तिच्या आकाराच्या मानाने सूज खूप असते.

ग्लिओब्लास्टोमा पांढऱ्या भागाच्या तंतूंमधून सरकतो. मेंदूच्या दोन बाजू जोडणारा कॉर्पस कॅलोसम हा पट्टा ओलांडून दोन्ही बाजूंना पसरला की चित्र फुलपाखरासारखे दिसते. दोघांमधला खरा भेद उजळलेल्या कडेच्या बाहेर असतो. मेटास्टॅसिसभोवती नुसती पाण्याची सूज असते. ग्लिओब्लास्टोमाभोवतीच्या सुजेत गाठीच्या पेशी शिरलेल्या असतात, त्यामुळे तिथे परफ्यूजन (रक्ताचे प्रमाण) आणि कोलीन हे रसायन (दोन्हींबद्दल प्रश्न ११ पाहा) वाढलेले सापडू शकते. तरीही शंका उरली तर छाती आणि पोटाचा सीटी करतात. डोक्यापेक्षा सोप्या जागी मूळ गाठ सापडली तर बायोप्सी तिथूनच घेता येते.

१०. लिम्फोमाचा संशय आहे म्हणून डॉक्टरांनी स्टेरॉइड रोखून धरले. सूज असताना असे का?

मेंदूतला लिम्फोमा स्टेरॉइडने काही दिवसांतच विरघळल्यासारखा लहान होतो, कधी दिसेनासाही होतो. ऐकायला हे चांगले वाटते, पण आजार गेलेला नसतो. त्यानंतर बायोप्सी घेतली तर तुकड्यात काहीच ठोस सापडत नाही, मग नेमके औषध ठरत नाही आणि आठवडे वाया जातात. म्हणून स्कॅनवर लिम्फोमा वाटला की शक्यतो बायोप्सीनंतर स्टेरॉइड देतात. सुजेने जीवालाच धोका असेल तर अर्थातच थांबत नाहीत.

स्कॅनवर तो ओळखायचा कसा? तो मेंदूच्या पोकळ्यांलगत असतो, एकसारखा उजळतो, डिफ्यूजनमध्ये अडथळा दाखवतो आणि एवढा उजळूनही परफ्यूजन फारसे वाढलेले नसते. हे वर्णन प्रतिकारशक्ती ठीक असलेल्यांचे. ती खालावलेली असेल तर लिम्फोमाही रिंगसारखा दिसतो आणि टोक्सोप्लाझ्मापासून वेगळा काढणे अवघड होते.

११. परफ्यूजन आणि स्पेक्ट्रोस्कोपी हे जास्तीचे भाग करावेत का?

प्रश्न अडलेला असेल तर जरूर करावेत, सरसकट नको.

परफ्यूजनमध्ये गाठीतल्या रक्ताचे प्रमाण निरोगी बाजूशी ताडून पाहतात. नव्या, वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या फुटलेल्या गाठीत ते वाढते. पण ऑलिगोडेंड्रोग्लिओमात ग्रेड कमी असतानाही ते वाढलेले असू शकते आणि मेनिंजिओमात तर सौम्य असूनही खूप वाढते. गाठ कोणत्या घराण्यातली हे न ठरवता परफ्यूजनच्या आकड्यावरून ग्रेड सांगणे चुकीचे.

स्पेक्ट्रोस्कोपी ही त्या भागातल्या रसायनांची मोजणी. एनएए हे निरोगी चेतापेशींचे लक्षण, ते गाठीत घटते. पेशींची पटले झपाट्याने बनत-मोडत असतील तर कोलीन वाढते. पेशी मरत असतील तर लॅक्टेट आणि चरबी दिसते. मायलिन झडण्याच्या आजारातही कोलीन वाढते, म्हणून ‘कोलीन वाढले आहे’ हे एकच वाक्य धरून घाबरू नका. गाठ हाडाजवळ असेल, फार लहान असेल किंवा तिच्यात रक्त असेल तर हा आलेख भरवशाचा राहत नाही.

१२. गाठ उजळत नाही आणि ‘लो ग्रेड ग्लिओमा’ लिहिले आहे. म्हणजे धोका नाही?

धोका कमी असण्याची शक्यता आहे, खात्री नाही. पन्नाशी-साठीच्या माणसात न उजळणारा ग्लिओमा दिसला तर मी ‘लो ग्रेड’ हे शब्द जपूनच वापरते, कारण नुकताच सुरू झालेला ग्लिओब्लास्टोमाही असा शांत दिसू शकतो.

तरुणांमध्ये काही खुणा चांगल्या मदतीला येतात. गाठ टी-२ मध्ये एकसारखी पांढरीशुभ्र, पण फ्लेअरमध्ये कड सोडून बाकी सगळी काळसर झाली, तर तिला टी-२ फ्लेअर मिसमॅच म्हणतात. प्रौढांच्या ग्लिओमात ही खूण स्पष्ट असेल तर गाठ आयडीएच जनुकात बदल असलेला अॅस्ट्रोसायटोमा असण्याची शक्यता फार मोठी. खूण नसली म्हणून मात्र तो नाही असे म्हणता येत नाही, कारण अशा कितीतरी गाठींत ती दिसतच नाही. मुलांमध्ये इतर गाठीही ही खूण दाखवतात. याउलट पुढच्या भागात, करड्या थराला धरून, अंधूक कडांची आणि कॅल्शियम असलेली गाठ ऑलिगोडेंड्रोग्लिओमाकडे बोट दाखवते.

१३. स्कॅनमध्ये एक नाव होते, बायोप्सीत दुसरेच आले. स्कॅन चुकला का?

कधी चुकतोही. पण बहुतेक वेळा दोघांनी वेगवेगळी गोष्ट पाहिलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात प्रौढांचे पसरट ग्लिओमा जनुकांवरून तीन गटांत विभागले आहेत: आयडीएच बदललेला अॅस्ट्रोसायटोमा, आयडीएच बदलासोबत १पी/१९क्यू हे गुणसूत्रांचे दोन भाग गहाळ असलेला ऑलिगोडेंड्रोग्लिओमा आणि आयडीएच न बदललेला ग्लिओब्लास्टोमा. सूक्ष्मदर्शकाखाली सौम्य दिसलेली, पण ठरावीक जनुकबदल असलेली गाठ आता ग्लिओब्लास्टोमाच गणली जाते. हे चित्रात दिसत नाही.

बायोप्सीही फसू शकते. गाठीचा एक भाग सौम्य, दुसरा आक्रमक असा प्रकार ग्लिओमात नेहमीचा, आणि सुई सौम्य भागात गेली तर ग्रेड कमी येतो. म्हणून सुई कुठे न्यायची ते स्कॅनवरूनच ठरवतात: जिथे उजळलेले आहे, जिथे परफ्यूजन सर्वांत जास्त आहे तिथे. स्कॅन आणि बायोप्सी जुळत नसतील तर न्यूरोसर्जन, पॅथॉलॉजिस्ट आणि रेडिओलॉजिस्ट यांनी एकत्र बसून चर्चा केली आहे का, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. विचाराच.

१४. मुलाच्या लहान मेंदूत गाठ आहे. मुलांमध्ये वेगळे काय असते?

यादीच वेगळी असते. लहान मेंदूत मोठी पाणथळ पिशवी आणि तिच्या भिंतीवर उजळणारा गोळा दिसला तर पायलोसायटिक अॅस्ट्रोसायटोमा आधी आठवतो. ऑपरेशनने पूर्ण निघाला तर बरेचदा पुढे काही लागत नाही. मधोमध, मेंदूतल्या द्रवाच्या चौथ्या पोकळीत, सीटीवर दाट आणि डिफ्यूजनमध्ये अडथळा दाखवणारी गाठ मेड्युलोब्लास्टोमा असू शकते. एपेंडिमोमा त्याच पोकळीत वाढतो, पण तिच्या छिद्रांतून बाहेर ओघळल्यासारखा पसरतो.

मेड्युलोब्लास्टोमाच्या पेशी द्रवातून पाठीच्या कण्यात उतरू शकतात, म्हणून कण्याचाही एमआरआय करतात, शक्यतो ऑपरेशनच्या आधी. नंतर केला तर सांडलेले रक्त पसरलेल्या गाठीसारखे दिसून घोळ होतो.

ब्रेनस्टेममधला पाँस हा भाग सगळाच फुगलेला आणि पुढची मोठी रक्तवाहिनी गाठीने वेढलेली असेल, तर चित्रावरून निदान बरेचसे होते आणि ते गंभीर असते. पूर्वी अशा मुलांची बायोप्सी टाळत. आता जनुकबदल कळावा म्हणून काही ठिकाणी ती करतात.

१५. पिट्युटरीत किंवा कानाच्या नसेवर गाठ असेल तर?

या जागांवर स्कॅन बराच ठाम बोलतो. पिट्युटरी ही मेंदूच्या तळाशी असलेली हार्मोनची ग्रंथी. १० मिमीपेक्षा लहान पिट्युटरी अॅडिनोमाला मायक्रोअॅडिनोमा म्हणतात. तो निरोगी ग्रंथीपेक्षा सावकाश उजळतो, म्हणून कॉन्ट्रास्ट जात असतानाच भराभर चित्रे घेतात. मोठा असेल तर वर चढून इंग्रजी आठच्या (8) आकड्यासारखा दिसतो. इथे रक्ततपासणी स्कॅनइतकीच मोलाची: प्रोलॅक्टिन हे हार्मोन खूप वाढलेले असेल तर मोठी गाठही गोळ्यांनी आक्रसते आणि ऑपरेशन टळू शकते. एक अपवाद जिवावर बेतणारा आहे. रक्तवाहिनीचा फुगा या जागी गाठीसारखा दिसू शकतो. शंका आली तर ऑपरेशनआधी अँजिओग्राफी हवीच.

ऐकण्याच्या-तोलाच्या नसेवरचा श्वानोमा (नसेच्या वेष्टनाची गाठ) कानाच्या हाडातली नळी रुंद करत बाहेर येतो. त्याच जागचा मेनिंजिओमा नळी सहसा रुंद करत नाही. दोन्ही बाजूंना श्वानोमा असेल तर एनएफ-२ या आनुवंशिक आजाराची तपासणी करावी. तिथेच एपिडर्मॉइड ही द्रवासारखी दिसणारी गाठ होते. साध्या अॅरॅक्नॉइड सिस्टपासून तिला डिफ्यूजन एका क्षणात वेगळी करते: एपिडर्मॉइड चमकते, सिस्ट नाही.

१६. पेट स्कॅनने प्रकार कळेल का?

नेहमीच्या एफडीजी पेटमध्ये साखर कुठे वापरली जाते ते दिसते. निरोगी मेंदूच इतकी साखर वापरतो की त्या उजेडात गाठ लपते. मूळ कॅन्सर शोधायला आणि लिम्फोमात तो उपयोगी. ग्लिओमासाठी अमिनो आम्लांवर आधारित पेट जास्त चांगला, कारण निरोगी मेंदू ती कमी शोषतो. मेनिंजिओमाबद्दल शंका असेल तर सोमॅटोस्टॅटिन रिसेप्टर दाखवणारा पेट कामी येतो. सगळीकडे हे उपलब्ध नसते आणि पहिल्या निदानासाठी बहुतेकांना त्याची गरजही नसते.

१७. रेडिएशन संपून दोन महिने झाले आणि एमआरआयमध्ये गाठ वाढलेली दिसते. उपचार वाया गेले?

असे लगेच समजू नका. रेडिएशन आणि केमोनंतरच्या पहिल्या सुमारे तीन महिन्यांत उपचारांचाच परिणाम म्हणून उजळलेला भाग वाढू शकतो. याला स्यूडोप्रोग्रेशन म्हणतात. एमजीएमटी मेथिलेटेड गाठींमध्ये (ज्यांत एमजीएमटी हे दुरुस्तीचे जनुक बंद असते) ते अधिक दिसते, आणि याच गाठी केमोला चांगला प्रतिसाद देतात. परफ्यूजन कमी असेल तर उपचारांचा परिणाम, जास्त असेल तर खरी वाढ, असा कल धरतात. रुग्णाची तब्येत स्थिर असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करणे हेच बरेचदा योग्य असते. रेडिएशनची जखम मात्र कित्येक महिन्यांनी, वर्षांनीही दिसू शकते.

याची उलटी बाजूही आहे. बेव्हॅसिझुमॅब हे नव्या रक्तवाहिन्या रोखणारे औषध दिल्यावर रक्तवाहिन्यांची गळती थांबते आणि उजळणे झटकन कमी होते, गाठ मात्र तेवढी घटलेली नसते. तेव्हा फ्लेअर चित्र बारकाईने पाहावे लागते. ऑपरेशननंतरचा पहिला एमआरआय ४८ ते ७२ तासांत करतात, कारण त्यानंतर जखम भरतानाही कडा उजळतात आणि उरलेली गाठ कोणती ते कळेनासे होते.

१८. एमआरआयचा फोटो एका एआय अॅपमध्ये टाकला, त्याने ९० टक्क्यांहून जास्त खात्रीने नाव सांगितले. विश्वास ठेवू का?

नको. असे कितीतरी प्रयोग एका मोफत मिळणाऱ्या संचावर बेतलेले आहेत. त्यात २३३ रुग्णांची ३,०६४ चित्रे आहेत आणि गाठी तीनच: ग्लिओमा, मेनिंजिओमा, पिट्युटरी. या तीन तर बहुधा जागेवरूनच वेगळ्या होतात. पू, क्षय, लिम्फोमा, मेटास्टॅसिस त्या संचात नाहीतच. ज्याने पुवाची गाठ कधी पाहिली नाही तो प्रोग्रॅम पुवालाही त्या तिघांपैकीच एक नाव देणार, आणि तेही आत्मविश्वासाने. शिवाय एकाच रुग्णाची शेजारशेजारची चित्रे शिकवायलाही आणि परीक्षेलाही वापरली तर यशाचा आकडा फुगतो.

एआयवर माझा राग नाही. २०१२ पासून चालणाऱ्या ब्रॅट्स स्पर्धेतून गाठीची सीमा आखण्याचे काम खूप सुधारले आहे. आकारमान मोजायला, जुन्या-नव्या स्कॅनची तुलना करायला त्याची खरी मदत होते. मात्र तिथे त्याला एका फोटोऐवजी चार प्रकारची पूर्ण चित्रमालिका मिळते.

१९. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे आहे. काय पाठवू?

रिपोर्टचा किंवा फिल्मचा मोबाइलने काढलेला फोटो पाठवू नका, त्यावरून मत देणारा अंदाजच बांधत असतो. स्कॅन सेंटरकडून डायकॉम (स्कॅनची मूळ डिजिटल फाइल) स्वरूपातली सगळी चित्रे सीडीवर किंवा लिंकने मागून घ्या. आधीचे स्कॅन असतील तर तेही द्या, गाठ किती वेगाने बदलली ते त्यांच्याशिवाय कळत नाही. सोबत एका कागदावर वय, त्रास कधी सुरू झाला, पूर्वीचे आजार, ऑपरेशन आणि रेडिएशनच्या तारखा लिहा. स्टेरॉइड सुरू असेल तर कधीपासून आणि किती, हे ठळक लिहा. का ते प्रश्न १० मध्ये आले आहे. बायोप्सी झाली असेल तर तिच्या रिपोर्टसोबत स्लाइड आणि ब्लॉक (तपासलेल्या तुकड्याचे जपलेले नमुने) कुठे ठेवले आहेत तेही विचारून ठेवा, कारण दुसरा पॅथॉलॉजिस्ट ते मागणारच.